परतीचे घोडे

१४ मे. सोसायटीच्या जनरेटरची तीन कोटेशनं जेवणाच्या टेबलावर पसरून बसले आहे. उद्या संध्याकाळी कमिटीची मीटिंग. मी सेक्रेटरी, शिवाय डिझेल इंजिनांच्या धंद्यात आयुष्य काढलं, त्यामुळे मुलुंडच्या या आठ मजली इमारतीने ठरवून टाकलं आहे की जनरेटर केवढा घ्यायचा ते मी सांगायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ते खोडून काढायचं. चेअरमनना मोठ्यातला मोठा हवा आहे. का, असं विचारलं तर म्हणाले, घ्यायचाच तर मोठा घ्यावा ना. शेजारच्या सोसायटीचा ते जाऊन बघून आले आहेत. आपला त्याहून मोठा हवा, एवढंच त्यांचं तांत्रिक मत.

आमचे साहेब इथे असते तर त्यांनी चेअरमनना समोर बसवून एकच प्रश्न विचारला असता. "कशासाठी?"

हा प्रश्न विचारून साहेबांनी किती गिऱ्हाइकं पळवून लावली याचा हिशेब नाही. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं ऑफिस होतं. खाली इंजिनं आणि मी, वर पोटमाळ्यावर साहेब. जनरेटर, पंप, मासेमारीच्या बोटींची इंजिनं असं सगळं आम्ही विकायचो. म्हणजे मी विकायचे, साहेब विकू द्यायचे नाहीत. काचेचं दार वाजलं की ते लोखंडी जिन्यावरून रबरी चपला फटफटवत खाली यायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी ताणकाटा. रद्दीवाल्याकडे असतो तो, स्प्रिंगचा, खाली आकडा असलेला. समोर येईल ती वस्तू ते त्याला अडकवून बघायचे. माझा डबा, शिपायाची छत्री, कुरिअरची पाकिटं. वजन बघून फक्त मान हलवायचे, जणू त्यांना संशय होताच.

गिऱ्हाईक म्हणायचं, पंचवीस एचपीचं इंजिन हवंय. साहेब म्हणायचे, कशासाठी? गिऱ्हाईक सांगायचं. साहेब डोळे मिटून हिशेब करायचे आणि म्हणायचे, तुम्हाला बारा घोडे पुरतात. ते एचपी कधी म्हणाले नाहीत, कायम घोडे. गिऱ्हाईक वाद घालायला लागलं तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "अहो, इंजिन बघताय की जावई? मोठा कशाला?" गिऱ्हाईक समोरच्या गाळ्यात जाऊन पंचवीसचं घेऊन जायचं. साहेब काचेतून त्याच्या टेम्पोकडे बघत उभे राहायचे. "बाई, तेरा घोडे विनाकारण चाललेत बघा," म्हणायचे. त्यांना खरंच त्या तेरा घोड्यांचं वाईट वाटायचं.

एकदा घाटकोपरला एका बंगल्याच्या मालकाला जनरेटर हवा होता. त्यांचा आग्रह असा की घरातलं सगळं एकाच वेळी चालायला हवं. साहेब म्हणाले, सगळं एकाच वेळी कधी चालू असतं? मालक म्हणाले, असतं. साहेब म्हणाले, दाखवा. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. साहेबांनी घरातल्या पाचही माणसांना पाच ठिकाणी उभं केलं. आजींच्या हाती मिक्सर, सुनेकडे इस्त्री, मालक स्वतः गीझरपाशी. साहेबांनी "हं" म्हटलं आणि सगळ्यांनी बटणं दाबली. बंगल्याचा फ्यूज उडाला, शेजारच्या इमारतीतला कोणीतरी गॅलरीत येऊन शिव्या द्यायला लागला. साहेब अंधारात समाधानाने म्हणाले, "बघा, कधीच नसतं." तोही जनरेटर समोरच्या गाळ्यातून गेला.

असा हा माणूस. आणि त्याला स्वतःच्या होडीसाठी इंजिन निवडता येईना.

होडी त्यांनी निवृत्त होण्याच्या आधी घेतली. बत्तीस फुटी, शिडाची, जुनी. देश सोडून चाललेल्या एका गृहस्थांनी वेसाव्याच्या खाडीत बांधून ठेवली होती, तिथूनच उचलली. तिला यॉट म्हटलं की साहेबांना राग यायचा. कॉलेजात असताना ते शिडाच्या होड्या चालवायला शिकले होते, तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा किनाऱ्या-किनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं, बंदरं घेत, महिना लागो की दोन. होडीतलं इंजिन गंजून दगड झालं होतं. साहेब म्हणाले, उत्तम, आपल्या मनासारखं घालू.

बेत एकट्याने जायचा नव्हता. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन जायचं होतं. वहिनींशिवाय जाण्यात त्यांना काडीचा रस नव्हता, हे त्यांनी मला एकदा अशा सुरात सांगितलं की जणू ते होडीच्या लांबी-रुंदीपैकीच एक माप आहे. त्यांचा उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता, डॉक्टर गुडघा बदला म्हणत होते, त्यामुळे हाती दोन-तीन सीझन होते. म्हणजे दिवाळीपासून मेपर्यंत समुद्र शांत असतो, ते दिवस.

वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या. ब्रँच मॅनेजर होत्या. काउंटर बंद म्हणजे बंद, दारात उभा असलेला माणूस आत घेणार नाहीत, अशातल्या. होडीबद्दल त्यांनी फार वाद घातला नाही. एका सकाळी पोहे खाता खाता अट सांगितली. साहेबांनी ती ऑफिसात येऊन मला शब्दशः ऐकवली. "मी येईन. पण मी 'परत' म्हटलं की परत. वारा नाही, भरती नाही, अमुक नाही, तमुक नाही, हे मी ऐकणार नाही. त्या क्षणी तोंड वळवायचं आणि मला घरी आणायचं."

साहेब खूश होते. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना नेमकं सांगितलं होतं, इंजिन कशासाठी हवंय ते. जायला शीड होतं. इंजिन परत येण्यासाठी.

मग हिशेब सुरू झाला. फळ्यावर त्यांनी मला समजावलं की बत्तीस फुटी, पाच टन वजनाच्या होडीला अठरा-वीस घोडे भरपूर झाले. त्याहून जास्त घातले तर होडी जास्त पळत नाही. पाणी कापताना ती स्वतःच एक लाट तयार करते आणि मग त्याच लाटेच्या खड्ड्यात बसते. कितीही जोर लावा, खड्डा फक्त खोल होतो. वहिनी त्या दिवशी डबा द्यायला आल्या होत्या. फळ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यावरच बेतलीय की." शिवाय मोठं इंजिन हळू चालवत ठेवलं की आतून काजळी धरतं, मागची बाजू जड होते, डिझेल जास्त पितं. थोडक्यात, अठरा.

पण वारा समोरून असेल तर? शिवाय ओहोटी असेल, खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर पळत असेल, आणि नेमकं तेव्हाच वहिनी परत म्हणाल्या तर? तर अठरा घोडे जागच्या जागी खूर आपटत राहतील. त्याला एकोणतीस हवेत. साहेबांनी दोन्ही मागवली. लाकडी पाटांवर बसवलेली दोन इंजिनं माझ्या टेबलाच्या आणि बाथरूमच्या मधल्या बोळात येऊन उभी राहिली. ऑफिसने त्यांची नावं ठेवली थोरली आणि धाकटी. धाकटी भिंतीला होती, तिच्यावर आम्ही चहाचा ट्रे ठेवायचो. थोरली बाथरूमच्या दारात होती. आत जायचं तर पोट आत घेऊन, पाठ भिंतीला घासत, आडवं सरकावं लागायचं. साहेब म्हणाले, आठवड्याभराचा प्रश्न आहे.

दोन सीझन गेले.

त्या काळात साहेबांनी काय काय केलं ते सांगितलं तर लोकांना वाटतं मी पदरचं घालते. त्यांचं म्हणणं, होडीचा जोर आधी मोजला पाहिजे. ती ओढायला किती बळ लागतं ते कळलं की घोडे आपोआप कळतील. एका शनिवारी त्यांनी अख्खं ऑफिस वेसाव्याला नेलं. भरती भरून पाणी थोडा वेळ थबकतं, ती वेळ धरली. होडीला दोर, दोराला ताणकाटा, ताणकाट्याला आम्ही. अकाउंट्सचे दोघं, स्टोअर्सचे एक, शिपाई आणि मी, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून. साहेब धक्क्यावर ओणवे होऊन आकडा बघत होते आणि ओरडत होते, "ओढा, पण सारखं ओढा. झटके नकोत."

आम्ही ओढलं. आकडा चढत गेला. होडी हलेना. साहेबांचा चेहरा फुलत गेला, मग पडला. त्यांच्या हिशेबाने त्या होडीला चाळीसच्या वर घोडे लागत होते.

धक्क्यावर एक नाखवा बसून हे बघत होता. स्वतःची मासेमारीची बोट असलेला, आमचं जुनं गिऱ्हाईक. विडी संपवून तो सावकाश म्हणाला, "साएब, मागचा दोर सोडा ना."

होडी मागून खुंट्याला बांधलेलीच होती. अकाउंट्सचे थोरले म्हणाले, "म्हणजे आपण मघापासून वेसावा ओढतोय." दोर सोडून पुन्हा ओढलं तर होडी मुकाट्याने मागे आली. साहेबांनी उलटा हिशेबही केला. पाच माणसं मिळून आमच्या ऑफिसचा अर्धा घोडा होत होता. हे त्यांनी फळ्यावर लिहूनही ठेवलं. त्या वर्षी पगारवाढ मागायला पोटमाळ्यावर कोणी गेलं नाही.

होडी मोजून झाल्यावर साहेब वहिनींकडे वळले. त्यांना हे काढायचं होतं की एखाद्या ठिकाणी गेल्यापासून वहिनी परत म्हणेपर्यंत साधारण किती वेळ जातो. तेवढ्या वेळात होडी किनाऱ्यापासून किती लांब गेली असेल, त्यावर परतीचा जोर ठरणार. म्हणून ते वहिनींना कुठे कुठे न्यायला लागले. वहिनींच्या बहिणीकडे बोरिवलीला त्या जेवण होऊन वर झोप काढून निघाल्या. साहेबांच्या चुलत भावाकडे चपला काढतानाच त्यांनी घड्याळ बघितलं. नाटक मध्यंतरापर्यंत टिकलं. साड्यांच्या प्रदर्शनात तर साहेबांनाच परत म्हणावं लागलं, तो आकडा त्यांनी धरला नाही. प्रत्येक वेळी बाहेर येऊन ते मला फोन करायचे. वहिनींना काही कळत नव्हतं असं नाही. त्या मला म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्यापासून एवढं फिरवलं नव्हतं. चालू दे त्यांचं."

एक दिवस मात्र साहेब जिन्यावरून उतरता उतरता मध्येच थांबले. चेहरा पडलेला.

"बाई, चुकलं. ती परत केव्हा म्हणते ते जागेवर नसतं. तिथे माणूस कोण आहे त्यावर असतं."

"मग?"

"समुद्रावर तिच्यासमोर मी एकटाच असणार. म्हणजे माझ्याबरोबर ती किती वेळ टिकते ते मोजायला हवं."

"मोजा की."

"चौतीस वर्षं झाली," साहेब म्हणाले. "अजून आकडा आलेला नाही."

ते पुन्हा वर गेले. मी आडवी होऊन बाथरूमला गेले.

नाखव्याचं मत त्यांनी घेतलं नसतं तर नवल. नाखवा ऑफिसात आला, दोन्ही इंजिनांभोवती फिरला आणि त्याने एकच विचारलं, आवाज कुणाचा मोठा? साहेब म्हणाले, थोरलीचा. मग थोरलीच घ्या, तो म्हणाला. कारण त्याचं सरळ होतं. बोट खाडीत शिरली की आवाज घरात पोचला पाहिजे. त्याची बायको आवाज ऐकूनच भाताचं आधण ठेवते. ज्या इंजिनाचा आवाज घरात जात नाही ते कसलं इंजिन. साहेब त्याला पंधरा मिनिटं सांगत होते की आवाज म्हणजे वाया गेलेला जोर. नाखव्याने ऐकून घेतलं आणि जाताना मला म्हणाला, "यांच्या घरी जेवण गारच मिळत असणार."

यादरम्यान साहेब सरावही करत होते. ऑफिस पुतण्याकडे सोपवून ते रिकामे झाले होते, पण रोज यायचे. मी चहाच्या कपांपाशी असताना अचानक "परत" म्हणायचं, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं की ते असतील तिथून उठायचे, हवेतलं शीड उतरवायचे, हवेतलं इंजिन सुरू करायचे आणि हवेतलं सुकाणू फिरवायचे. गुडघा धरून. नवीन आलेले पुतणे हे बघून मला बाजूला घेऊन विचारायचे, काका बरे आहेत ना? मी सांगायचे, एकदम.

शेवटी तिसरा सीझन सुरू झाला. गेल्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. एका सोमवारी नाशिकहून एक गिऱ्हाईक बाई आल्या, चांगल्या जाडजूड, दोन पंपांची ऑर्डर घेऊन. प्रवास करून आलेल्या, त्यांनी बाथरूम कुठे विचारलं. मी दाखवलं. त्यांनी थोरलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि समोरच्या गाळ्यात गेल्या. ऑर्डरही तिथेच दिली.

मी मिस्त्रींना हाक मारली. चेनपुली लावायला सांगितली, टेम्पो बोलावला. थोरली हवेत लोंबकळत असताना साहेब जिन्यावर आले.

"कुठली चाललीय?"

"थोरली. वेसाव्याला. आज बसवायची."

"कशावरून ठरवलंत?"

"बाथरूमच्या दारात ती होती."

साहेबांनी बराच वेळ थोरलीकडे बघितलं. मला वाटलं आता खड्ड्याचं आणि काजळीचं सगळं पुन्हा ऐकावं लागणार. त्यांनी फक्त विचारलं, "कशासाठी?"

"जाण्यासाठी," मी म्हटलं.

ते मान हलवत खाली आले, खिशातला ताणकाटा काढून मिस्त्रींच्या पिशवीला उगाच अडकवून बघितला, परत खिशात ठेवला. "बाई," म्हणाले, "तुमच्याकडे कारण आहे. माझ्याकडे नुसते आकडे." आणि टेम्पोत पुढे बसून थोरलीबरोबर निघून गेले.

इंजिन बसलं. मागची बाजू पाण्यात चार बोटं खाली गेली. तोल साधायला साहेबांनी वहिनींचा कुकर, खलबत्ता आणि पिठाचे डबे पुढच्या टोकाला नेऊन ठेवले. पहिल्या फेरीला मी बरोबर असावं ही वहिनींची मागणी. होडीवर एक तरी शहाणं माणूस हवं, असं त्यांचं म्हणणं.

सकाळची वेळ, वारा बेताचा. थोरलीच्या जोरावर खाडीतून बाहेर पडलो. वहिनी ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर, हातात घराच्या किल्ल्या. किल्ल्या पर्समध्ये ठेवायला त्या तयार नव्हत्या. मोकळ्या पाण्यात साहेबांनी शीड चढवलं आणि इंजिन बंद केलं. एवढ्या आवाजानंतर एकदम काहीच नाही. नुसतं पाणी सळसळतंय. वहिनी काही बोलल्या नाहीत. साहेब माझ्याकडे बघत होते, मी घड्याळाकडे. मग त्यांनी होडी वळवली. शीड फडफडून दुसऱ्या बाजूला गेलं, होडी या कुशीवरून त्या कुशीवर कलंडली, पाणी एकदम हाताशी आलं, आम्ही तिघंही एका बाजूने दुसऱ्या बाजूला घसरलो. होडी सावरली. आणि वहिनी हळूच म्हणाल्या, "परत."

साहेब उठले. दोन वर्षं घोटलेलं सगळं त्यांनी एका दमात केलं. शीड खाली, इंजिन चालू, सुकाणू फिरवलं, तोंड वेसाव्याकडे. गुडघा कुठे गेला कोण जाणे. थोरली अशी गरजली की मला माझाच आवाज ऐकू येईना. वहिनी हात हलवून काहीतरी ओरडत होत्या. साहेबांना वाटलं, घाई करा म्हणतेय. त्यांनी जोर वाढवला. वहिनी आणखी ओरडल्या. त्यांनी आणखी वाढवला. आता फळ्यावर समजावलेलं सगळं मला प्रत्यक्ष दिसलं. होडी जास्त पळेना, मागचा भाग खड्ड्यात बसत गेला, मागची लाट उंच होत होत माझ्या पाठीवर आली. मी आतपर्यंत भिजले. ओहोटी होती, वारा समोरून होता, साहेबांनी धरलेलं सगळं वाईटातलं वाईट जुळून आलं होतं आणि तरी आम्ही खाडीत सरळ शिरलो. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

धक्क्याला लागल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं.

"बघितलंस? किती वेळात आणलं."

"का आणलं?" वहिनी म्हणाल्या.

"तू परत म्हणालीस."

"अहो, परत म्हणजे परत. आणखी एकदा. ते वळण परत घ्या म्हणत होते."

मी कोरडी असते तर हसले असते. दोन वर्षं, दोन इंजिनं, बोरिवली, साड्यांचं प्रदर्शन, नाटकाचं मध्यंतर, आणि त्या शब्दाला दोन अर्थ आहेत हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रोज बोलतो आपण मराठी.

"मग तेव्हाच सांगायचं ना," साहेब म्हणाले.

"घसा फाटेस्तोवर सांगत होते. तुमच्या थोरलीपुढे ऐकू कुठे येतंय?"

वरून नाखवा वैतागून खाली आला. त्याच्या बायकोने आवाज ऐकून भाताचं आधण ठेवलं होतं, आणि नाखवा स्वतः घरात तिच्यासमोर बसलेला होता. ती आता त्याला विचारत होती, मग आला तो कोण?

त्याच दिवशी धक्क्यावर बसून साहेबांनी नियम केला. होडीवर "परत" हा शब्द बंद. घरी जायचं तर "माघारी". पुन्हा करायचं तर "आणखी". वहिनींनी दोन्ही शब्द एकदा म्हणून दाखवले, मग किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि म्हणाल्या, "आणखी." मी म्हटलं, मी माघारी. ओले कपडे घेऊन रिक्षाने घरी आले.

पुढच्या आठवड्यात ते दोघं निघाले. मालवणला पोचले, तिथून हळूहळू मागे देवगडला येऊन थांबले. समुद्र आता बंद होत आलाय, म्हणजे माघारी यायचं तर याच पंधरवड्यात. म्हणून मघाशी कोटेशनं बाजूला सारून फोन केला. वहिनींनी उचलला. मागे थोरली गरजत होती.

"निघालात की काय?" मी विचारलं.

"कुठे गं. बांधलेलेच आहोत. हे रोज तासभर चालवतात. नुसतं रिकामं फिरवलं तर काजळी धरते, म्हणून मागे दोर बांधायचा, गिअर टाकायचा आणि जोर लावायचा. इथले लोक म्हणतात, काका रोज सकाळ-संध्याकाळ बंदर ओढतात, एक दिवस नेतील मुंबईला."

"आणि तुम्ही माघारी म्हणालात की नाही अजून?"

"नाही ना. दोनदा अगदी ओठावर आलं होतं. एकदा ताप होता तेव्हा, आणि एकदा यांचा चुलत भाऊ इथे येतो म्हणाला तेव्हा. पण हे इतके तयार बसलेले असतात की म्हणायची घाई वाटत नाही. पावसाळा इथेच काढतोय. बंदरासमोर खोली घेतलीय. आंबा चांगला आहे."

मग साहेब फोनवर आले. मी जनरेटरचं सांगितलं. तीन कोटेशनं, लहान, मधला, मोठा, आणि चेअरमन.

"कशासाठी?" साहेब म्हणाले.

"तेच तर कळत नाही. सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात एसी चालायला हवेत."

"विचारलंत तेव्हा लाइट होते?"

"होते."

"मग काय उपयोग?" साहेब म्हणाले, आणि बंदर ओढायला गेले.

१५ मे. सकाळी सातला खाली मीटर रूममध्ये गेले. नोटीस लावली नव्हती. नोटीस लावली की लोक तयारीत असतात. मेन स्विच खाली ओढला आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, कोण कशासाठी ओरडतं ते ऐकायला. एसीसाठी कोणी ओरडलं नाही. सकाळच्या वाऱ्याला खिडक्या उघडल्याचे आवाज आले तेवढेच. मग लिफ्टच्या जाळीमागून, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधून, हाका यायला लागल्या. चेअरमन होते. फिरायला निघाले होते.

मी जिना चढून जाळीशी गेले. त्यांचे बूट माझ्या डोक्याच्या उंचीवर होते. मी विचारलं, "जनरेटर कशासाठी हवा?"

"बाहेर यायला हो," चेअरमन म्हणाले.

मी खाली जाऊन मेन चालू केला, ते उतरले, आणि त्यांना दम घेऊ न देता लहानातल्या लहान कोटेशनवर त्यांची सही घेतली.